पाकिटातला शेवट

खोडकर मुलगा कादंबरीत घातल्याशिवाय सुधारत नाही, यावर माझ्या बाबांच्या मावसभावाचा जेवढा विश्वास होता, तेवढा बंगळूरच्या बसवनगुडीतल्या कुठल्या पुजाऱ्याचा देवावर नसेल. हे काका एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत मुलांसाठी लायब्ररी उघडली. पुस्तकं सगळी जुनी, इंग्रजी, साहसाची, आणि प्रत्येकात वाया जायला निघालेला एक मुलगा. तो घरातून पळतो, चोरांच्या तावडीत सापडतो, उपाशी राहतो आणि तीनशे पानांनंतर शहाणा होतो. काका ही पुस्तकं औषधासारखी देत. काच फोडणाऱ्याला जहाजाची गोष्ट, खोटं बोलणाऱ्याला खजिन्याची, बहिणीला मारणाऱ्याला वाळवंटाची. मोठी माणसंही या मापातून सुटत नसत. बँकेतल्या मॅनेजरबद्दल ते म्हणायचे, "माणूस चांगला आहे, पण पहिल्याच प्रकरणात अडकलाय." माझ्या मावसबहिणीला राजाजीनगरचं स्थळ आलं तेव्हा घरच्यांनी पत्रिका पाहिली. काकांनी मुलाशी दहा मिनिटं गप्पा मारल्या आणि निकाल दिला, "सातव्यापर्यंत आलाय. द्यायला हरकत नाही."

या लायब्ररीचा एक नियम होता. कुठल्याच पुस्तकाला शेवटचं प्रकरण नसे. ती पानं म्हणे टेबलाच्या खणात, खाकी पाकिटांत, प्रत्येकावर ड्राफ्ट्समनच्या सरळ अक्षरात नंबर घालून ठेवलेली होती. पुस्तक परत करताना आधी आपण सांगायचं, त्या मुलाचं पुढे काय होतं. उत्तर मनासारखं आलं तर काका स्वतः गोष्टीचा शेवट सांगत. मी तेव्हा बारा वर्षांची होते. वाचायचे खूप, पण कुणी माझ्याकडे बघून प्रश्न विचारला की जीभ टाळूला चिकटायची. काका वाट बघत, चष्मा पुसत, मग म्हणत, "सरी, ठीक आहे. घाई नाही. पुढच्या आठवड्यात सांग." अशा रीतीने मी दोन वर्षांत जवळजवळ चाळीस मुलांना संकटात सोडून घरी आले होते.

माझा धाकटा भाऊ मुरली याच्या उलट. तो दहा वर्षांचा होता आणि बोलायचा थांबत नसे. सकाळी फाटकांना टांगलेल्या दुधाच्या पिशव्यांची तो अदलाबदल करायचा, त्यामुळे म्हाताऱ्या जोडप्याला दोन लिटर दूध मिळे आणि आठ माणसांच्या घराला पाव लिटर. काकांनी त्याला खास निवडून पुस्तक दिलं. त्यातला मुलगा घरातून पळून एका पडक्या दीपगृहाकडे जातो आणि लोखंडी शिडीवरून वर चढायला लागतो. तो वर पोहोचला की पुस्तक संपायचं, कारण पुढचं पाकिटात.

शुक्रवारी संध्याकाळी मुरलीने शेवट सांगितला. मी शेजारीच उभी होते.

"दिवा लावतो. शत्रूचं जहाज फुटतं."

"जहाजाचं नको. मुलाचं सांग."

"त्याला बक्षीस मिळतं."

"नाही."

"मग वर काय आहे ते बघितल्याशिवाय मला कसं कळणार?" मुरली चिडला.

काका कपाटातली पुस्तकं सारखी करत होते. मागे वळूनही न बघता म्हणाले, "मग वर जाऊन बघ."

म्हणजे पुस्तक पुन्हा वाच. मला कळलं. काकांनाही तेच म्हणायचं होतं.

शनिवारी आमची शाळा अर्धा दिवस. आई मल्लेश्वरमला आत्याकडे गेली होती, बाबा ऑफिसात. दोनच्या सुमाराला फुलवाली अक्का फाटकाशी येऊन उभी राहिली. आमच्या रस्त्याच्या टोकाला पाण्याची उंच टाकी होती, चार मजल्यांएवढी. अक्काने बोट तिकडे केलं आणि कन्नडमध्ये म्हणाली, "तुमचा पोरगा."

तो शिडीच्या पार वरच्या टोकाला होता. दोन्ही हात पायरीभोवती गुंडाळलेले, कमरेला बाबांची बॅटरी बांधलेली. खाली पंधरा-वीस माणसं जमली होती आणि प्रत्येकाचा सल्ला वेगळा. वर जा, खाली बघ, खाली बघू नकोस, हलू नकोस. कोपऱ्यावरच्या दुकानातून कुणीतरी अग्निशमन दलाला फोन केला होता. तेवढ्यात त्याची एक चप्पल सुटली. ती पडायला किती वेळ लागला ते सगळ्यांनी पाहिलं.

मी काकांकडे पळाले. दारात उभी राहून मला एकच शब्द सांगता आला, "टाकी." काकांचा चेहरा बघून कळलं की त्यांना काल संध्याकाळचं आपलं वाक्य आठवलं. त्यांनी खण उघडला, सतरा नंबरचं पाकीट घेतलं आणि होते तसे, लुंगीवरच निघाले. एरवी रस्ता ओलांडायलाही कुणाचा तरी हात धरणारे काका माझ्या पुढे धावत होते.

टाकीखालचा आरडाओरडा आणखी वाढला होता. "स्वल्प सुम्मने इरी," काका म्हणाले, आणि माणसं खरंच गप्प झाली.

"मुरली, शेवट ऐकायचाय?"

वरून बारीक आवाज आला, "आधी मी सांगायचं असतं ना."

"आज नियम मोडतोय. इंग्रजीतून मराठी करत वाचणार, म्हणून हळू. तूही हळूच ऐक."

त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि आतला कागद उलगडला. मी अगदी शेजारी होते. कागद कोरा होता.

काका वाचू लागले. "त्या मुलाने समुद्राकडे बघायचं सोडलं. त्याच्या नाकासमोर एक गंजलेली पायरी होती. तो फक्त तिच्याकडे बघत राहिला." ते थांबले. "मग त्याने उजवा पाय सोडला. पाय खालची पायरी शोधू लागला. पायाला घाई नव्हती."

वरती मुरलीचा उजवा पाय हलला. लोंबकळला. टेकला.

"पुस्तकातल्याची चप्पल पडली का?" वरून प्रश्न.

"बूट. डावा."

"माझे पाय थरथरतायत."

"त्याचेही. पान तीनशे बारा."

असं एकेक पाऊल चाललं होतं. काकांचा आवाज संथ होता. मध्यावर एक पायरी तुटलेली होती. मला ती दिसत होती, मुरलीला खाली न बघता दिसणार नव्हती. मी काकांची बाही ओढून तिकडे बोट केलं. त्यांनी एक नजर वर टाकली आणि पुन्हा कागदाकडे बघत वाचत गेले, "पुढची पायरी तुटकी होती. मुलाला आठवलं, चढताना आपण इथे ढांग टाकली होती. त्याने हात घट्ट केले आणि पाय लांब सोडला. लांब. आणखी थोडा."

पाय हवेत फिरत राहिला. फुलवाली अक्का माझ्यामागे देवाचं नाव घेत होती. मग पाय लागला.

मुरली जमिनीवर उतरला तेव्हा अग्निशमनची घंटा कुठेतरी लांब वाजत होती. त्याने पहिलं काय विचारलं असेल तर, "पुढे?"

"पुढे तो घरी गेला," काका म्हणाले, "आणि आईने बडवला." संध्याकाळी तेही खरं ठरलं. काका मात्र तिथेच फूटपाथवर बसले, आणि त्या कोऱ्या कागदाच्या काळजीपूर्वक चार घड्या घातल्या.

परत जाताना त्यांनी मला विचारलं, "वर जाऊन बघ म्हणालो, ते तू ऐकलंस ना?"

मी मान हलवली.

"कुणाला सांगितलंस?"

मी नाही म्हणून मान हलवली. कुणाला सांगू नकोस, असं ते म्हणाले नाहीत. संध्याकाळी स्वतः आमच्याकडे आले, बाबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "चूक पोराची नाही." मग मुरली आत गेल्यावर पाकिटांचंही सांगितलं. फूटपाथवरून वजनावर घेतलेली जुनी पुस्तकं, शेवटची पानं बहुतेकांना मुळातच नव्हती. शेवट मुलांकडून ऐकायचे, त्यातला बरा असेल तो पुढच्या मुलाला सांगायचे. बाबांनी खुर्ची पुढे सरकवली. म्हणाले, "बसा, कॉफी घ्या."

मुरली एका दुपारीत शहाणा झाला नाही. पुढच्याच आठवड्यात दुधाच्या पिशव्या पुन्हा फिरल्या. पण त्या म्हाताऱ्या जोडप्याची पिशवी त्याने जागेवर ठेवली. आता तो अठरा वर्षांचा आहे, पुण्याला शिकतो, आणि मित्रांना त्या पुस्तकाचा शेवट सांगतो, तुटक्या पायरीसकट. कागद कोरा होता हे मी त्याला सांगितलेलं नाही.

काकांकडे आता मुलं येत नाहीत. घरोघर केबल टीव्ही आला आहे. गेल्या महिन्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला तीच कादंबरी पूर्ण मिळाली. मी उभ्या उभ्याच शेवट वाचला. त्यात वादळ येतं, दिवा विझतो, आणि तो मुलगा खाली येत नाही.

पुस्तक घेऊन मी काकांकडे गेले आणि दीपगृहाचं आहे एवढंच सांगितलं. नजर गेल्यामुळे त्यांना आता वाचता येत नाही. त्यांनी शेवटच्या पानांवरून बोटं फिरवली, पानं आहेत याची खात्री केली, आणि सवयीने चष्मा पुसायला घेतला.

"आधी तू सांग," ते म्हणाले. "तो उतरतो?"

"उतरतो," मी म्हणाले.

"हळू?"

"हळू. एकेक पायरी बघत."

"सरी," काका म्हणाले, आणि पुस्तक खणात ठेवलं.