चपलांची माळ

माझ्या सासूबाई नवसाबाई म्हणायच्या, "ठरलेलं मोडतंच, म्हणून तर नीट ठरवायचं." मी नाशिक रोडची. आमच्याकडे सहल म्हणजे वडिलांनी रजा टाकायची, तिकिटं काढायची आणि निघायचं. लग्न होऊन मखमलाबादला फुलं पिकवणाऱ्या घरात आले, तेव्हा कळलं की इथे सहल झेंडूला विचारून ठरते.

गणपती उरकले की नवरात्रापर्यंत फुलांना फारसं कोणी विचारत नाही. पितृपक्षाचा तो पंधरवडा तेवढा आम्हाला मोकळा. शेजारच्या चिमणाबाई दर वर्षी कुंपणावरून म्हणायच्याच, "पितरांच्या दिसात फिरायला जाता, बाई. तुमचं काय खरं नाय." सासूबाईंना सगळे बाईच म्हणत. बाई म्हणायच्या, "पितरांनाबी नेतो की. ते तरी कुठं फिरले होते?"

बाईंची तयारी बघून मला हसू यायचं. एका दिवसाच्या वारीला दोन दिवसांच्या दशम्या, बॅटरी, दोरखंड, जुनं लुगडं, हळदीची पुडी. पण एकदा एसटी भर रस्त्यात बंद पडली तेव्हा बाईंनी एका अनोळखी माणसाच्या कांदे साठवायच्या चाळीत आमची पंगत बसवली. चाळवाल्यालाही जेवायला घातलं. पुढे जायचं होतं ते राहून गेलं, आणि तीच सहल अजून सगळ्यांच्या लक्षात आहे.

एक नियम मात्र त्यांनी कधी वाकवला नाही. दर्शनाला जाताना घरातल्या सगळ्यांच्या चपला एका सुतळीत ओवायच्या, हार संपवताना मारतात तशी गाठ मारायची आणि एका जागी ठेवायच्या. कोणी चुकलं, तर शोधत फिरायचं नाही. चपलांपाशी यायचं आणि बसून राहायचं. मी एकदा म्हटलं, "बाई, चपलांची माळ लोक वेगळ्या कामाला वापरतात." त्या म्हणाल्या, "वापरू दे. माझी माणसं तर घरी येत्यात."

या नियमाचं मूळ माझे सासरे, गोटीराम नाना. लग्नाच्या पहिल्याच वर्षी एका जत्रेत बाई चुकल्या. लाऊडस्पीकरवाल्याने नवऱ्याचं नाव विचारलं, आणि बाईंनी ते घेतलं नाही. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, मग पुकारणार काय? दुपारभर रडून त्या परत देवळापाशी आल्या, तर नाना त्यांच्या चपलांशेजारी बसलेले. म्हणाले, "अनवाणी कुठवर जाशील? हितंच येशील, म्हनून बसलो."

२००५ सालापर्यंत नाना पुष्कळ विसरू लागले होते. सकाळी जेवलो की नाही, मळा कोणाचा, मी कोण. माझ्या मुलीला, प्रतिभाला, ते कधी कधी स्वतःची बहीण समजत. गाठ मारायला मात्र त्यांची बोटं विसरली नव्हती. त्या वर्षी बाईंनी गडावर जायचं ठरवलं, सप्तशृंगीला. "पुढच्या साली यांना देवी वळखू येईल का नाय," एवढंच म्हणाल्या.

पहाटे निघून दुपारी परतायचं ठरलं होतं. दिंडोरीच्या पुढे जीपचा क्लच गेला. जीपवाला मंगळू मेकॅनिक शोधायला गेला तो जेवणाची वेळ टळल्यावर त्याला घेऊन आला. माझा नवरा ज्ञानेश म्हणाला, परत फिरू. मलाही तेच वाटत होतं. बाई नानांकडे बघत होत्या. "जाऊ. उशिरा तर उशिरा," त्या म्हणाल्या.

गडावर पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं असावं, पण ऊन दिसतच नव्हतं. सगळा गड धुक्यात बुडालेला. पायऱ्यांच्या तोंडाशी मालनबाईंचं नारळाचं दुकान होतं. त्या आमच्याच मळ्यातली फुलं घ्यायच्या. त्यांच्या दुकानासमोर नानांनी स्वतः आमच्या पाच जणांच्या चपला ओवल्या. बाईंनी मला बजावलं, "पोरगी तुझी, म्हातारं माझं. हात सोडायचा नाय." सगळ्या पायऱ्या त्या नानांचा हात धरून चढल्या.

हात सुटला तो प्रसाद घेताना. देवीचा प्रसाद पदरात घ्यायचा आणि पदर दोन्ही हातांनी धरायचा, हे आमच्याकडे लहान मुलीलाही माहीत असतं. बाईंनी पदर पसरला, नारळ घेतला, वळून पाहिलं. नाना नव्हते.

"चपलांपाशी गेले असतील," बाई म्हणाल्या. आवाज शांत होता, पण त्या पायऱ्या भराभर उतरू लागल्या. गुडघ्यांनी थकलेली ती बाई धावत होती. वरून पावसाची सर आली.

मालनबाईंच्या दुकानासमोर नाना नव्हते. चपलाही नव्हत्या.

"बाबा आले होते की," मालनबाई म्हणाल्या. "लय येळ खाली बघत उभे ऱ्हायले. मी म्हनलं, बसा. तर म्हनले, ही ती जागा नाय. आन् गेले."

तेवढ्यात जीपकडून मंगळू आला. पाऊस आला म्हणून त्यानेच चपलांची माळ उचलून जीपमध्ये ठेवली होती. भिजू नयेत म्हणून. त्याला तरी काय बोलणार? ज्ञानेशच्या मोबाइलला रेंज नव्हती. तो खोल दरीवरच्या शीतकड्याच्या दिशेने पळत सुटला. त्या कड्याचं नाव कोणी घेतलं नाही, पण आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तोच होता. चार हातांवरचं दिसत नव्हतं, आणि वाट कुठे संपते हे विसरलेला माणूस त्या धुक्यात अनवाणी चालत होता.

तेव्हा बाईंनी हाक मारली. "गोटीराम! ओ गोटीराम!"

मी त्यांच्या तोंडून ते नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. इतका वेळ मी घाबरले होते ती नानांसाठी. आता मला बाईंसाठीही भीती वाटू लागली. प्रतिभा माझ्या साडीला बिलगून रडायला लागली.

धुक्यातून उत्तर आलं नाही. मग बाई मंगळूला म्हणाल्या, "माळ आन. होती तिथं ठेव, आन् हितनं हलू नको." मला वाटलं, आता त्या तिथेच बसणार, नियमाप्रमाणे. पण त्या बसल्या नाहीत. "साधना, चल. ते ही जागा सोडून गेलेत. आता त्यांना जिथं चपला दिसतील तिथं ते थांबतील. गडावर चपला कुठं कुठं सोडत्यात, मालनबाई?"

मालनबाईंनी सांगितलं, धर्मशाळेच्या दाराशी आणि जेवणाच्या मांडवाबाहेर. प्रतिभाचा हात धरून मी बाईंच्या मागे निघाले. धर्मशाळेपाशी कोणी नव्हतं. मांडवाकडे निघालो तर समोरून आरडाओरडा ऐकू आला. कोणीतरी ओरडत होतं, "चपलाचोर धरला! म्हातारा दिसतो, पन बघा किती जोड बांधलेत!"

गर्दीत बाई कशा शिरल्या ते मला कळलं नाही. एकाने हात उगारलेला होता. बाई त्याच्या आणि नानांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. "माझे मालक हायेत. हात लावायचा नाय."

नाना मांडवाच्या पत्र्याखाली मांडी घालून बसले होते. पाय रक्ताळलेले. त्यांच्या कोटाच्या खिशात सुतळी असायचीच. त्या सुतळीत त्यांनी लोकांच्या चपला ओवल्या होत्या. एक पुरुषाचा जोड, दोन बायकांचे आणि एक लहान मुलीचा, गुलाबी पट्ट्यांचा. गाठ हाराची. दोन्ही हात त्या माळेवर ठेवून ते कोणालाही ती उचलू देत नव्हते.

बाईंना पाहिलं आणि त्यांचा चेहरा सैलावला. "कुठं चुकली होतीस गं? मी कवाचा बसलोय चपलांपाशी. पोरं कुठं हायेत?"

गर्दीतला उगारलेला हात खाली आला. मला रडू आवरेना. बाई त्यांच्यासमोर ओल्या फरशीवर बसल्या आणि माळेवरून बोट फिरवू लागल्या. "ज्ञानेशच्या ह्या. माझ्या, साधनाच्या. ह्या पोरीच्या. आन् तुमच्या कुठं हायेत?"

"मला कशाला?" नाना म्हणाले. "मी कुठं चुकलोय?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. मग नानांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"नाय," त्या म्हणाल्या. "मीच चुकले होते."