गुलाल लागलेली म्हस

चहा घेताय तोवर माझ्या अकलेचं प्रदर्शन ऐका. फक्त कप जरा खाली ठेवा. मागं ह्याच किश्श्याला एकाच्या नाकातनं चहा आलता.

मी शहापूरचा विणकर. चार पॉवरलूम हायत. आणि गर्व एकाच गोष्टीचा, रंगाचा. सुताची लडी लांबनं दाखवा, कुठला रंग ते सांगतो. गल्लीतल्या बायका मॅचिंगचा ब्लाऊजपीस घ्यायच्या आधी मला विचारून जात्यात. त्यामुळं मान जरा ताठच असायची.

आता आईचं सांगतो. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माझ्या वडलांनी, आप्पांनी, स्वतः हातमागावर विणून तिला एक साडी दिलती. पुढं मी पाळण्यात असताना आत्यानं ती जुनेराच्या गठुड्यातनं चुकून भांडीवालीला दिली आणि स्टीलचा डबा घेतला. आई अजून त्या डब्यात साखर ठेवत न्हाई. आप्पा गेल्यापास्नं तर तिचं एकच, "तसली साडी एकदा अंगावर आली की मी जायला मोकळी."

लई वाईट वाटायचं ऐकून. म्हटलं, पंचाहत्तरीला तीच साडी विणून द्यायची, तिला पत्ता लागू न देता. पण साडी बघितलीय कुणी?

तेवढ्यात निपाणीच्या मामांच्या माळ्यावरनं एक पेटी निघाली. मामा फौजेत हुते, कॅमेऱ्याचा लई नाद. पेटीत सगळ्या स्लाइडा. पुठ्ठ्याच्या चौकटीतले इवले रंगीत फोटो, उजेडावर धरून बघायचे. एकीवर मामांच्या अक्षरात लिवलेलं, 'आक्काची पहिली दिवाळी'. आई, आप्पा, मागं म्हस, आणि अंगावर ती साडी.

फोटोवाल्याकडं घेऊन गेलो. तो म्हणतो, "पंधरा दिवसांनी या. कॉम्प्युटरवर घेऊन रंगबी सुधारून देतो."

रंग सुधारून? मला? पेटी उचलली आणि घरी आलो.

सुताच्या कांड्यांचे दोन डबे मांडले, वर काच, खाली एलईडी बल्ब. काचेवर स्लाइड ठेवली आणि वरनं मोबाईलनं फोटो काढला. मोठा करून बघतोय तर काय, साडी झगझगीत राणी कलरची. बायकोला, सुनंदाला, हाक मारली.

ती म्हटली, "अवो, आप्पांचं धोतरबी गुलाबीच दिसतंय की."

"गुलाल असंल. पाडव्याला म्हशी सजवून मिरवत्यात न्हवं?"

"म्हसबी लाल हाय."

"तिलाच तर लावत्यात."

"आणि आभाळ?"

"लई उधळला असंल."

तिनं मोबाईल माझ्या हातात परत दिला. मग म्हटली, "मला काय कळतंय. रंगातलं तुमालाच कळतंय." आणि कणीक मळायला गेली. मी ते कौतुक समजलो, बघा.

रंगाऱ्याला मोबाईल दाखवून तीनदा सूत परत केलं. दरवेळी एकच, "अजून जरा लालीवर पायजे." तो बिचारा वैतागला, पण माझ्या नावाला घाबरून परत रंगवत राहिला. दोन महिने राबलो. काठ फोटोत बघून एकेक फूल मोजून उतरवला.

पंचाहत्तरीला घर भरलंतं. आईनं घडी उलगडली. काठावरनं बोट फिरवलं आणि तिचे डोळे भरले. "रुईफुलाचा काठ. आप्पांचाच हाय ह्यो."

मग तिनं साडी उजेडात धरली. "काठ माझा हाय. पण रंग कुणाच्या साडीचा रं ह्यो?"

"तुझ्याच साडीचा की."

"माझी चिंतामणी हुती. निळी. आप्पांनी आभाळाकडं बोट दाखवून सांगितलतं, असला रंग विणतो म्हणून."

मी हार मानतोय व्हय? मोबाईल काढला, फोटो दाखवला. "ह्यो बघ पुरावा."

निपाणीला दिलेली माझी लेक रूपा शेजारी हुती. तिनं मोबाईल घेतला. "पप्पा, जुन्या स्लाइडातला निळा रंग उडून जातोय. मग सगळंच लाल पडतंय." आणि कुठलंसं बटन दाबलं.

आभाळ निळं झालं. धोतर पांढरं झालं. साडी चिंतामणी झाली. आत स्वयंपाकघरातनं सुनंदानं विचारलं, "म्हस काळी झाली का?"

पाव्हणे हसून हसून लोळायला लागले. आईनं मात्र मोबाईल हातात घेतला आणि आप्पांकडं किती तरी वेळ बघितलं. मग डोळे पुसले, माझी राणी कलरची साडी उचलून रूपाच्या मांडीवर ठेवली आणि म्हटली, "लई चांगलं हाय की गं. आता त्येच बटन हिलाबी दाब."

तरी त्या दिवशी नेसली हो तीच. आणि आता मागावर नवीन साडी चढवायचीय. सूत रंगवायला परवा आई आणि सुनंदा रंगाऱ्याकडं गेल्या. मीबी गेलतो. मला बाहेर गाडीत बसवलं.