गोपाळनं फाडलेली पानं

काय हसायचं ते चहा ओठाला लावायच्या आधीच हसून घ्या, नंतर ठसका लागला तर मी जबाबदार न्हाई. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं मी केलं तसं करावं का? बिलकुल न्हाई!

आता मी जालन्यात असतो, पण आम्ही मूळचे मंठ्याचे. सहावीत असताना मी एक कॉमिक विकत घेतलं. जंगल, खजिना, मगरी, सगळं बराबर! आईला दिसू नये म्हणून त्याला खाकी कव्हर घातलं, वर कडा आत दुमडून डिंकानं चिकटवूनही टाकल्या. पण परीक्षा तोंडावर. म्हणून आधी वाचायला दिलं गोपाळला. मारवाडी कापडवाल्यांचा पोरगा, माझ्या बाकावरचा, माझा जिवाचा दोस्त.

चार दिवसांनी परत आलं. वाचतो तर काय! हीरो दोरीला लटकलेला, खाली मगरी जबडे वासून, वर दुष्ट माणूस दोरी कापून राह्यला... आणि पुस्तक खतम!

"गोप्या, शेवटची पानं फाडली तू!"

"आईची शपथ, न्हाई फाडली!"

मी ऐकतोय होय? अख्ख्या वर्गात चोर म्हणून बोंब मारली. वर्षभर अबोला धरला. पुढं दोस्ती जुळली, पण आरोप काही सोडला न्हाई. त्याच्या लग्नात सांगितला. त्याच्या पोरीच्या साखरपुड्यात माईक हातात आला, तर व्याह्यांनाही सांगितला!

मागच्या महिन्यात कळलं, ती जुनी कॉमिक्स पुन्हा छापून राह्यलेत. आमचंही निघालंय! मागवलं. पाकीट आलं, पण फोडलं न्हाई. साक्षीदारांसमोर फोडायचं होतं ना! थेट एसटीनं मंठा. गोपाळच्या दुकानात लग्नाच्या बस्त्याची ही गर्दी.

"गोपाळशेठ, आज तुमचा निकाल!"

"अरे, गिऱ्हाईक हाय. चहा तर घे."

"चहा मंग!" म्हणत मी पाकीट फाडलं नि पुस्तक एका मावशींच्या हातात दिलं. "मावशी, तुम्हीच शेवट बघा."

मावशींनी चष्मा लावला. दोरी. मगरी. सुरी. आणि शेजारी, शेवटच्या कव्हराच्या आतल्या बाजूला, एकच ओळ: 'हीरो वाचेल का? वाचा पुढच्या अंकात!'

त्या जागेवर माझ्या पुस्तकात काय होतं? खाकी कागद. चिकटवला कुणी? मीच!

"भाऊ," मावशी म्हणाल्या, "पानं तर समदी हायेत की!"

दुकान हसून हसून लोळायचं बाकी. गोपाळ मात्र गुपचूप वर माळ्यावर गेला नि एक पिवळं पडलेलं कॉमिक घेऊन आला. "पुढचा अंक. तवाच आणल्ता, तुझ्यासाठी. पण तू बोलतच नव्हता."

माझ्या डोळ्यांत पाणी! उभ्या उभ्या वाचत सुटलो. हीरो सुटला, गुहेत शिरला, खजिन्याची पेटी सापडली, झाकण उचललं... आणि पुढचं पान फाडलेलं! सरळ टरकावलेलं!

"गोपाळ! हे काय?"

"हे मीच फाडलं," गोपाळ म्हणाला. "चोर म्हणून नाव तर झालंच व्हतं. म्हणलं, काम बी करून टाकावं."

"पण पेटीत निघालं काय?"

"आधी माफी माग. मोठ्यानं."

मागितली! सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, दोन्ही कान धरून.

गोपाळनं निवांत साडीची घडी घातली. "मला काय माहीत? रागात न वाचताच फाडल्तं."