आत्ता म्हटलं की अत्ता

पाण्याला इतकी घाबरणारी आणि तरी पाण्याच्या काठावर इतकी वर्षं बसून राहिलेली दुसरी बाई साऱ्या सोलापुरात सापडली, तर मी आजही कपड्यांसकट टँकमध्ये उडी मारायला तयार आहे. ही बाई म्हणजे माझी मैत्रीण सुजाता हिची आत्या. त्यांच्या घरात तेलुगू, त्यामुळे सुजाता तिला 'अत्ता' म्हणायची, आणि सुजाता म्हणायची म्हणून आमचा अख्खा स्विमिंग क्लब, सरांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत, तिला अत्ताच म्हणायचा. भाऊ टॉवेलचे माग बघायचा, भावजय घर बघायची, आणि सुजाताला पोहायला नेऊन जिवंत परत आणायचं काम अत्ताकडे होतं. 'जिवंत' हा शब्द तिचाच. प्लॅस्टिकची खुर्ची ती कंपाउंडच्या भिंतीला टेकवून बसायची, म्हणजे टँकपासून जितकं लांब बसता येईल तितकं. एकदा फरशीवरून ओघळत आलेलं पाणी तिच्या चपलेपर्यंत पोचलं, तर बाईंनी दोन्ही पाय वर घेऊन खुर्चीवर मांडी घातली आणि फरशी वाळेपर्यंत खाली उतरल्या नाहीत. सर म्हणाले, "अहो अत्ता, एवढ्या पाण्यात मुंगीसुद्धा बुडायची नाही." त्यावर ती म्हणाली, "मुंगीला पोहायला येतंय की सर. मला कुठं येतंय?"

पोहून बाहेर आलेलं कुठलंही डोकं कोरडं केल्याशिवाय सोडायचं नाही, हे तिचं व्रत होतं. मागावर विणीत चूक राहिलेले, विकायला न काढता येणारे टॉवेल ती पिशवी भरभरून आणायची. तिचं पुसणं म्हणजे पितळी तांब्या चिंचेनं घासावा तसं. कान, मान, मेंदू, सगळं हलायचं. त्यात आपलं-परकं काही नव्हतं. स्पर्धेत सुजाताला हरवून आलेल्या परगावच्या पोरीलाही तिने एकदा धरून पुसलं होतं. आम्हाला आपला उगाच संशय, की ते जरा जास्तच जोरात पुसलं. मग हातावर शेंगापोळी. एका स्पर्धेत उडालेल्या पाण्याने मुख्य पंच भिजले, तर अत्ता टॉवेल घेऊन त्यांच्यामागेही धावली. त्यांना आधी टक्कल होतं म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी पडलं असतं.

पण खरी गंमत अशी, की आमच्या एकूण एक स्पर्धांना हजर असलेल्या या बाईने शर्यत म्हणून एकही पाहिली नव्हती. पोरगी पाण्यात आणि आपण नुसतं बघत बसायचं, हे तिला सोसायचंच नाही. पंचांची शिट्टी वाजली की ती खुर्ची फिरवून पाण्याकडे पाठ करायची आणि प्रेक्षकांच्या तोंडांवरून शर्यत ओळखायची. सुजाताच्या बाबांचा चेहरा पडला म्हणजे पोरगी मागे, सरांनी कपाळाला हात लावला म्हणजे फारच मागे. एकदा कुणीतरी गृहस्थ आनंदाने नाचायला लागले, ते बघून अत्ताने सुजाता पहिली आली असं जाहीर केलं आणि पिशवीतल्या सगळ्या शेंगापोळ्या वाटून टाकल्या. ते गृहस्थ पहिल्या आलेल्या भलत्याच मुलीचे वडील निघाले. सुजाता शेवटून दुसरी होती. "आता वाटलेली काय माघारी घेऊ?" अत्ता म्हणाली, आणि तिने शेवटून पहिल्या आलेल्या मुलीलाही हाक मारून पिशवीच्या तळाला उरलेला तुकडा दिला.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर माझं डोकं फुटलं. मी बॅकस्ट्रोक पोहायचे, म्हणजे उताणं. त्यात भिंत डोक्यामागून येते, दिसत नाही. वर आडव्या बांधलेल्या पताका दिसल्या की भिंत जवळ आली हे समजून हात मारायचे. एका संध्याकाळी माझा अंदाज चुकला आणि मी सगळ्या वेगानिशी भिंतीवर जाऊन आदळले. रिक्षात माझं डोकं मांडीवर घेऊन, जखमेवर टॉवेल दाबून अत्ताच बसली होती. मला वाटलं, आता ही म्हणणार, पोरी, बंद कर हे. पाण्याचं वाईट बोलायला तिला एवढी आयती संधी पुन्हा कधी मिळणार होती? पण ती माझ्या गालावर हात ठेवून म्हणाली, "भिंत कुठं जात न्हाय तल्ली. तिथंच हाय ती. टाके निघाले की तू परत ये." तल्ली म्हणजे तेलुगूत आई, पण लेकींना लाडाने तसंच म्हणतात. मी तेव्हा रडले ते दुखण्यामुळे नव्हतं.

परत गेले खरी, पण भीती माझ्याआधी पाण्यात उतरलेली असायची. पताका दिसल्या की हात सैल पडायचे, मान आपोआप मागे वळायची आणि वेग मरायचा. विभागीय स्पर्धा तोंडावर आलेली. मेडले रिलेत, म्हणजे चौघींनी चार प्रकारांनी पोहायच्या शर्यतीत, पहिली पोहणारी, म्हणजे बॅकस्ट्रोकची, मी होते. सरांनी स्पष्ट सांगितलं, मान वळणं थांबलं नाही तर तुझ्या जागी दुसरी मुलगी घेईन. घरी आईने त्याहून स्पष्ट सांगितलं, रिलेतून नाव गेलं तर दहावीच्या वर्षाला टँक बंद. एका भिंतीपायी माझं पोहणंच सुटायची वेळ आली होती.

मग सरांनी युक्ती काढली. मी पताकांखाली आले की ते भिंतीपाशी उभं राहून ओरडणार, "आत्ता!" आणि मी मागे न बघता हात मारून भिंत धरायची. युक्ती उत्तम होती, फक्त सर एक गोष्ट विसरले. ते "आत्ता!" म्हणून ओरडले, की खुर्चीवरून जबाब यायचा, "ओऽ, काय?" पहिल्या दिवशी तर पलीकडच्या लेनमधून पोहणारी सुजाताही मधेच थांबून आत्याला काय झालं ते बघायला लागली. सर वैतागले. "अत्ता, मी तुम्हाला नाही बोलवत हो!" अत्ता म्हणाली, "माझं नाव घेऊन ओरडताय आणि मी गप बसू? बरं दिसतंय का ते?" सरांनी 'चल' करून पाहिलं, 'हात' करून पाहिलं, पण ऐन वेळी त्यांच्या तोंडून आत्ताच निघायचं, आणि लगेच मागून ती ओ. कान पाण्यात असताना सरांचा आवाज मला अर्धामुर्धा यायचा. अत्ताची ओ मात्र लख्ख ऐकू यायची. मी त्या ओ वर भिंत धरायला शिकले. माझी मान वळायची थांबली आणि रिलेतलं माझं नाव टिकलं.

स्पर्धा सोलापुरातच होती, पण मोठ्या टँकवर. मी या टोकाहून निघणार आणि पलीकडच्या टोकाला ब्लॉकवर सुजाता उभी राहणार. मी भिंतीला हात लावला की तिने उडी घ्यायची. प्रशिक्षकांनी प्रेक्षकांत बसायचं, काठावर थांबायचं नाही, असं पंचांनी सकाळीच बजावलं. म्हणजे आत्ताही नाही आणि ओ पण नाही. मी अत्ताकडे पाहिलं. ती नेहमीप्रमाणे पाण्याकडे पाठ करून बसलेली.

मधलं पोहणं मला आठवत नाही. पताका आठवतात. त्या दिसल्या आणि माझे हात सैल पडायला लागले, मान वळणार एवढ्यात अगदी डोक्यावरून आवाज आला, "अत्ता! तल्ली, अत्ता!" तो सरांचा नव्हता. मी मागे बघितलं नाही. होता नव्हता तो जोर लावून हात टाकला आणि भिंत हाताला लागली.

वर पाहिलं तर सुजाताच्या ब्लॉकशेजारी, अगदी कडेला, अत्ता उभी. तोंड पाण्याकडे, चपला भिजलेल्या, पदर मुठीत. आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतःलाच हाक मारली होती. आणि सुजाता? आत्याच्या आवाजात आत्याचीच हाक ऐकून बिचारी गोंधळून मागे बघत राहिली, आणि मी भिंत धरल्यावर दुसऱ्या संघांच्या चार मुली पाण्यात गेल्या तेव्हा हिने उडी घेतली. आमचं पदक तिथेच गेलं. अत्ता ज्यांना एकदा पुसायला धावली होती ते मुख्य पंच तणतणत आले, "बाई, इथं यायची परवानगी नाही, ठाऊक आहे ना?" अत्ता ओल्या फरशीवरच बसली आणि म्हणाली, "साहेब, पोरीला भिंत दिसत नव्हती. मला दिसत होती." पंचांनी कुणाला तरी खुर्ची आणायला सांगितलं.

पदकाचं कुणी मनाला लावून घेतलं नाही. माझं पोहणं सुटलं नाही, हे त्या दिवशीचं खरं. पण त्यानंतरही अत्ता शर्यतीला पाठ करूनच बसायची. "एकदा बघितलं, बास झालं," म्हणायची.

अत्ता गेल्या पावसाळ्यात गेली. सुजाता आता हैदराबादला असते. मी त्याच टँकवर संध्याकाळी मुलांना शिकवते. उताणं पोहणारं एखादं घाबरट पोर पताकांखाली येतं, त्याची मान वळायला लागते आणि माझ्या तोंडून निघतं, "आत्ता!" पोर भिंत धरतं आणि वर बघून विचारतं, "मॅडम, बरोबर केलं ना?" कंपाउंडच्या भिंतीपाशी ती खुर्ची अजून आहे. मी आधी तिकडे जरा कान देते, आणि मग त्याचं डोकं पुसायला घेते.