एकनाथची वही आणि डोकं उचलणारा पलंग

वही, हातगाडी, भातझोडणीचं मशीन, पलंग आणि तिरडी.

ह्या पाच वस्तू मी माझ्या हातांनी केल्या. पाचही एकाच माणसासाठी.

माझा धाकटा भाऊ एकनाथ. आज त्याच्या जाण्याचा दिवस.

मी दहावी नापास. किन्हवलीला मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. कोणी शिकवलं नाही. जळालेली मोटर सोडायची, तारेचे वेढे मोजायचे, तेवढेच परत भरायचे. मोजणं चुकलं की मोटर तापते. त्यामुळे मला मोजायची सवय.

१९९३ ची भातकापणी. एकनाथ तेवीस वर्षांचा. डोक्यावर भाताचा भारा घेऊन खळ्यावर आला. भारा टाकला, कंबर सरळ केली, आणि कोसळला.

"फिट आली. कांदा आणा रे कोणीतरी," काकी ओरडली.

कांदा झाला, चप्पल झाली, मुठीत किल्ल्या झाल्या. चौघांनी धरून त्याला बसवला. त्या चौघांत एक मी.

त्याला आडवा ठेवून पाय वर करायला हवे होते. बसवणं हीच चूक. ती मी तीन वर्षं केली, प्रत्येक वेळी.

तीन वर्षं फिटच्या गोळ्या चालल्या. पडणं काही थांबेना.

त्यातच मी वही केली. स्वतः रेघा मारल्या. वेळ, जागा, आधी काय करत होता, किती सेकंदांनी उठला.

"भारा टाकला. उभा राहिला. पडला. अंग आखडलं नाही. जीभ चावली नाही. ओठ पांढरे. सत्तर सेकंद."

अशा अकरा नोंदी.

एकनाथ हसायचा. "दादा, मी पडतो आनि तू घड्याळ बघतो. उचल ना रे आधी."

१९९६ ला वही घेऊन मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरांनी पहिलं पान वाचलं. मग सगळी वाचली.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"ही फिट नाही."

त्यांनी छातीला नळी लावून एकनाथला खाली बसवलं, उभं केलं, परत बसवलं.

"सायेब, शालेत केल्या तेवढ्या उठाबशा पुरे की," एकनाथ म्हणाला. डॉक्टर हसले नाहीत. ऐकत होते.

सोनोग्राफीसारखं मशीन असतं, हृदयाचं. एको. हृदयाच्या मधल्या भिंतीचा स्नायू साधारण एक सेंटिमीटर हवा. एकनाथचा चोवीस मिलिमीटर.

"वडील कसे गेले?"

एक्केचाळिसाव्या वर्षी. भारा टाकून. गाव म्हणालं, बाहेरचं लागलं.

बाहेरचं काही नव्हतं. घरातलंच होतं. रक्तातून येतं. आईबापापैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला निम्मा चान्स.

माझा एको त्याच आठवड्यात झाला. भिंत अकरा. मी सुटलो. त्या दिवशी मला एकनाथच्या तोंडाकडे बघवेना.

"डोक्यावर ओझं बंद," डॉक्टर म्हणाले.

"मग मी करू काय? म्हातारीसारखा ओट्यावर बसू? नाय जमायचा," एकनाथ म्हणाला.

म्हणून मी बांधावरून चालणारी एकचाकी हातगाडी केली. झोडणीच्या मशीनला जुनी मोटर बसवली. गोळ्या आणि ही दोन यंत्रं, ह्यांवर माझ्या भावाने नऊ वर्षं शेती केली. डोळखांबच्या चढावर.

पुढे तोच जाड स्नायू सैल पडला. नाडी वेडीवाकडी. पाय सुजले. आडवा झाला की श्वास कोंडायचा. तेव्हा मी पलंग केला. हँडल फिरवलं की डोकं पंचेचाळीस अंशांपर्यंत उचलतो. अंश मी कंपासपेटीतल्या कोनमापकाने तपासले होते.

२००६. दुपार होती. एकनाथ टेकून बसला होता.

"दादा, तुझा पलंग कुरकुरतो."

"तेल टाकतो."

तेलाची डबी आणायला गेलो. परत आलो तेव्हा तो गेला होता.

तेल मी तरीही टाकलं.

नवव्या दिवशी माझा चुलतभाऊ जयरामदादा दुकानात आला. काय म्हणाला ते शेवटी सांगतो.

दहाव्याला नदीवर सगळी भावकी जमली. पिंडाला कावळा शिवला. मी वही उघडून उभा राहिलो. म्हणालो, हे आपल्या रक्तात आहे. वडील, एकनाथ, पुढचा कोण माहीत नाही. प्रत्येकाने एको करा, लहानथोर सगळ्यांनी.

"पोरींची लग्नं व्हायची नाय ह्याच्या पायी," मागून कोणीतरी म्हणालं.

खरंच एक लग्न मोडलं. जयरामदादाच्या मुलीचं, वर्षाचं. साखरपुडा झाला होता. जयरामदादाने माझ्याशी बोलणं टाकलं.

वर्षभराने वर्षा एकटीच दुकानात आली. "काका, मला घेऊन चला मशीनवर. बाबांना नका सांगू."

तिची भिंत एकोणीस.

आज तिच्या गळ्याच्या हाडाखाली छोटं यंत्र बसवलेलं आहे. एकदा रांगोळी काढताना ठोके बिघडले, तर त्या यंत्राने झटका देऊन तिला परत आणलं. तिचं सासर मुरबाडला. लग्नाच्या बैठकीत तिने स्वतः रिपोर्ट पुढे ठेवला होता. दोन स्थळं उठून गेली, तिसरं बसून राहिलं.

हे लिहू का, म्हणून मी तिला विचारलं. म्हणाली, "लिहा काका. बाबांचं पण लिहा."

तर लिहितो. जयरामदादा, तूही वाच.

ज्यांना ही पोस्ट आवडणार नाही त्यांनीही वाचा. आणि घरात कोणी धडधाकट माणूस अचानक गेला असेल, तर देवऋषीआधी एको करा.

एकनाथ, झोप रे. आता आडवा झोपलास तरी चालेल.

आता नववा दिवस. जयरामदादाने रस्त्याकडची जमीन फार्महाऊसवाल्याला विकली होती. माझ्या टेबलावर पिशवी ठेवली. म्हणाला, "उद्या नदीवर गप्प राहा. वही मला दे. तुला लेथ मशीन घ्यायचंय ना, घे."

मी म्हणालो, "दादा, वर्षाचा एको कर. वही तुला फुकट देतो."

त्याने पिशवी उचलली आणि निघून गेला.

पिशवीत साठ हजार रुपये होते.