बांधीतलं आभाळ

भाद्रपदातल्या उन्हाला ओल्या चिखलाचा आणि पोटरीला आलेल्या धानाचा वास असतो. तोच वास घेत, वरठीच्या फलाटावर तुमसरच्या गाडीची वाट पाहत, मोबाइलवर बोट फिरवता फिरवता मी एका चित्रापाशी थबकले. धानाच्या बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या खाचरात, रोवणी करणाऱ्या बाया, कमरेत वाकलेल्या; वर नुसता हिरवा काठ, आणि आभाळ मात्र त्यांच्या पायांशी, गढूळ पाण्यात, ढगांसकट पसरलेलं. देशोदेशीच्या चित्रकारांची पुस्तकं मी हौसेनं जमवत आले, आणि हे चित्र काढणारी वैशाली निघाली माझ्याच तालुक्यातल्या आंबागडची. मला इतका आनंद झाला की गाडी आली नि गेली, मी बाकावरच.

तलावावरच्या माझ्या बालकथेला चित्रं तिचीच हवीत, असा हट्ट मी धरला. पुण्याच्या संपादकबाईंना रंग आवडले. पण आभाळ वर हवं, मुलं गोंधळतील, नाहीतर दुसरा चित्रकार बघू, असा त्यांचा निरोप आला. वैशालीचं हे पहिलंच पुस्तक. मी धास्तावून तिच्या घरी गेले. कागद अंगणात अंथरून, वाकून, मागे मागे सरकत ती रंगवत होती. सुट्टीत आईबरोबर रोवणी करताना सरकायची म्हणे, अगदी तशीच. निरोप ऐकूनही तिचा हात थांबला नाही.

“वर पाहाले फुरसत कोनाले रायते, ताई? आमचं आभाळ बांधीतच दिसते. पुस्तक गेलं तरी चालन, आभाळ नाही हलवत मी.”

तिच्या ताठ्यानं माझीही भीड चेपली. मी संपादकबाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन अंगणातल्या चित्रांवर धरून, तिच्यासारखीच वाकून, पावलापावलानं मागे सरकत गेले. बाईंनी पुन्हा एकदा पहिल्या चित्रापासून दाखवायला सांगितलं. मग बाई म्हणाल्या, “एकही ढग हलवू नका.”

पदवी मिळाली तेव्हाही मी इतकी ताठ मानेनं घरी गेले नव्हते.

पुस्तक छापून आलं, तेव्हा ते घेऊन मी पुन्हा आंबागडला गेले. वैशालीच्या आईनं ते हातात धरलंच नाही. अंगणात जमिनीवर उघडं ठेवून ती कमरेत वाकली, एका बाईच्या लुगड्यावर बोट टेकवून म्हणाली, “हे मीच होय.”

मीही वाकले. पुस्तकापलीकडे, मोरीबाहेर साचलेल्या पाण्यात आभाळ होतं. ते तिथं रोजच असणार.