फ्रिजवरचा तक्ता

बिशानच्या मार्केटमध्ये मी पालकाची जुडी उलटसुलट करून बघत होते, तेव्हा सुहासच्या ऑफिसातून फोन आला. माझा नवरा टेबलाशी बसल्या बसल्या गेला होता. मी जुडी नीट जागेवर ठेवली, भाजीवालीला नंतर येते म्हणाले... आणि एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, गेले. टॅक्सी करावी हेसुद्धा सुचलं नाही. त्याला आता सहा आठवडे झाले.

हे कधीतरी होणार, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. पुण्याला तो बघायला आला तेव्हा चहा पिताना सगळे गप्प झाले आणि मला टिकटिक ऐकू आली. त्याच्या हातात तर घड्याळ नव्हतं. त्यानेच सांगितलं, हृदयाची झडप बदललेली आहे, धातूची आहे, वाजते. बाबांच्या ओळखीचे डॉक्टर म्हणाले, वीस वर्षंही जातील, दोनही. बाबा नकार कळवायला निघाले आणि मी हट्टाला पेटले. का, ते आजही धड सांगता येणार नाही. न विचारता स्वतःहून सांगून टाकणारा माणूस मला आवडला, एवढंच.

आणि अशा माणसाला इथे काम काय मिळावं! अमेरिकन फुटबॉल... आपला नव्हे, तो लांबट चेंडूचा, एकमेकांच्या अंगावर धावून जायचा. तिथे कॉलेजातली पोरं मोठे संघ दर वर्षी पाळीपाळीने निवडून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. कुणाचा गुडघा किती टिकेल, कुणाचा खांदा पुन्हा निखळेल, याचा अंदाज सुहासची कंपनी एका संघाला बांधून द्यायची. जन्मात एकही सामना मैदानावर न पाहिलेला हा गडी जेवणाच्या टेबलावर तक्ते पसरून बसायचा. अहवाल इंग्रजीत जायचा, पण स्वतःच्या तक्त्यात शेवटच्या रकान्यात मराठीत एकच शब्द असायचा, ‘घ्या’ नाहीतर ‘सोडा’. स्थळं बघतोयस की काय, असं मी चिडवायचे. पहिल्याच वर्षी त्याने तक्त्याच्या तळाशी स्वतःचं नाव घातलं, दुखापतीच्या रकान्यात ‘हृदय’ आणि पुढे ‘सोडा’. मी तो कागद फ्रिजवर लावला.

रविवारी आम्ही होडीने पुलाउ उबीन बेटावर जायचो. सायकली भाड्याने घ्यायच्या आणि चढ आला की त्याने उतरून चालायचं. आमची मुलगी सई पुढे जाऊन इथल्या पोरांसारखी ओरडायची, ‘‘बाबा, स्लोली लाह!’’ मग रबराच्या झाडांखाली बसायचं. वारा पडलेला, भर दुपार, त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं की ती टिकटिक... मला हमखास डुलकी लागायची. अशा किती दुपारी गेल्या कुणास ठाऊक, आता एक दुसरीपासून वेगळी काढता येत नाही.

तिथेच एकदा मी विचारलं, मोडणार हे दिसतंय, तो खेळाडू घ्यायचाच कशाला?

‘‘मोडणार तर सगळेच आहेत गं. उभा असेल तेवढे दिवस तो कसा खेळतो, ते बघायचं.’’

मी तडक उठून सायकल काढली. तो खेळाडूंबद्दल बोलत नव्हता हे मला कळत होतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

या वर्षी दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेला एक मुलगा होता. ऑफिसात सगळे ‘नको’ म्हणत होते, सुहास एकटा त्याच्यासाठी भांडत होता. सुहास गेल्यावर तीन आठवड्यांनी ड्राफ्ट आला. दर वर्षीसारखा मी सकाळी उपमा केला, टीव्ही लावला, सई शेजारी येऊन बसली. नावामागून नावं जात राहिली. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, त्याच्याच संघाने त्या मुलाला घेतलं. मला आनंद झाला नाही. हे बघायला हा नाही, याचा नुसता संताप आला. सई रडत होती. तिने विचारलं, ‘‘आई, इतक्यात जाणार हे माहीत असतं तर तू बाबाशी लग्न केलं असतंस?’’

मी म्हणाले, माहीतच होतं. तरी चौदा वर्षं मिळाली.

तो कागद अजून फ्रिजवर आहे. लावला त्याच दिवशी मी ‘सोडा’ खोडून पुढे ‘घेतला’ लिहिलं होतं. काल दूध काढताना दिसलं, शाई फार फिकट झाली आहे. सईचं पेन घेतलं आणि पुन्हा गिरवलं.